मेरी ॲनचं कोमट पाणी

कूमरेडिन गावात निम्मे लोक पॅरी आणि उरलेले निम्मे प्यू. नुसतं आडनाव सांगितलं तर पोस्टमनलाही घर सापडायचं नाही. म्हणून इथं प्रत्येकाच्या नावाला एक शेपूट असतं, आणि बापाचं घर मुलांना मिळो न मिळो, बापाचं शेपूट मात्र मिळतंच. नेस्ता पॅरीला सगळं गाव नेस्ता कोमट म्हणतं. पॅरीच्या घरातून ती पॅरीच्याच घरात दिली गेली, तेव्हा लग्नानंतर तिला सहीसुद्धा बदलावी लागली नाही. मग शेपूट कुठलं बदलणार?

हे कोमट तिच्या वडिलांचं. इवोर पॅरी मेरी ॲनमध्ये कोळसा तोडायचा. मेरी ॲन म्हणजे गावची खाण, पण लोक तिच्याबद्दल घरातल्या खाष्ट आत्याबद्दल बोलावं तसं बोलत. "आज मेरी ॲनचं डोकं फिरलंय," असं म्हणत. त्या काळी खाणीवर न्हाणीघर झालेलं नव्हतं. इवोर काळाठिक्कर होऊन घरी येई. शेगडीपुढं पत्र्याचा टब मांडलेला असे, आणि त्यात पाय टाकला रे टाकला की तो ओरडे, "कोमट! ब्लॉडवेन, कोमट!" पाण्यातून वाफा निघत असल्या तरी त्याला ते कोमटच. चार घरं सोडून ऐकू जाई. बायका आपापल्या दारात हसत, "आला बरं का इवोर घरी."

नेस्ता सात वर्षांची असताना तो एका मंगळवारी खाणीत उतरला आणि वर आलाच नाही. आतल्या एका अंगाला आग लागली. आग पसरून सगळी खाण जाऊ नये म्हणून मालकांनी त्या अंगाचं तोंड विटांनी बंद केलं. आत जे होते ते आतच राहिले. स्मशानात त्यांच्या नावाचा दगड आहे, पण दगडाखाली कुणी नाही.

एवढं गावात सगळ्यांनाच ठाऊक. नेस्ताला त्याहून थोडं जास्त ठाऊक होतं, आणि ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

खाणीतले पुरुष पाठ धूत नसत. छाती, हात, मान, सगळं घासून घ्यायचे. पाठ मात्र तशीच काळी. पाठ धुतली की पाठीतलं बळ जातं, आणि ज्याचं बळ गेलं त्याच्यावर छत कोसळतं, असं ते मानत. इवोरही मानायचा. पण त्या वर्षी पेंटेकॉस्टच्या सणाच्या सोमवारी चॅपेलच्या मिरवणुकीत झेंडा धरायचा मान त्याला मिळाला होता. नवा पांढरा सदरा आणला होता. रविवारी संध्याकाळी आई ओलं फडकं घेऊन त्याच्या मागे बसली. जिन्यावर बसलेल्या नेस्तानं पाहिलं.

"पाठ नको गं, ब्लॉडवेन."

"घामानं सगळा काळा रंग सदऱ्यावर उतरेल. देवाच्या झेंड्याखाली असा जाणार का?"

"बळ जातं."

"बळ नाही जात, मळ जातो. गप बसा."

तो गप बसला. पाठ गोरीपान निघाली. मिरवणुकीत तो झेंडा घेऊन ताठ चालला. दुसऱ्या दिवशी मंगळवार.

त्यानंतर आई रोज, पाळी सुटायच्या वेळेला, पाणी तापवून टब भरायची. उन्हाळा असो, हिवाळा असो. मरेपर्यंत. लोक म्हणायचे, बिचारीचं चित्त ठिकाणावर नाही. पण बाकी सगळ्यात ते ठिकाणावर होतं. ती भाकरी भाजायची, भाव करायची, चॅपेलमध्ये कोण बेसूर गातं ते बरोबर ओळखायची. नेस्ताला कधी कळलं नाही, आई टब का भरते. वाट बघते? माफी मागते? की नुसती हाताला लागलेली सवय? विचारायचं राहून गेलं, आणि मग विचारायला आई राहिली नाही.

आता नेस्ता अठ्ठ्याहत्तरची आहे. नवरा डिल्विन खाणीची धूळ छातीत घेऊन गेला. मुलगा ब्रिस्टलला असतो. मेरी ॲन बंद होऊन चाळीस वर्षं होत आली. खाणवाल्यांच्या मोठ्या संपाच्या वर्षी नेस्तानं चॅपेलच्या तळघरात बायकांबरोबर काऊलचे, म्हणजे मटण-भाज्यांच्या रश्शाचे, हंडेच्या हंडे शिजवले होते; त्या चॅपेलमध्ये आता गालिचे विकतात. कोळशाच्या गाळानं शाईसारखी काळी वाहणारी नदी स्वच्छ झाली आहे, तिच्यात मासेसुद्धा आहेत. सर्वांत अवघड म्हणजे डोंगर. खाणीतली टाकाऊ दगडमाती टाकून टाकून झालेला काळा डोंगर होता, त्यावर सरकारनं गवत पेरलं. आता तिथं मेंढ्या चरतात. नवी माणसं म्हणतात, किती सुंदर. नेस्ता मागच्या दारात उभी राहून बघते आणि तिला कळत नाही, आनंद मानावा की कुणीतरी आपल्याला फसवलं म्हणून रागवावं.

तर ईस्टर झाल्यावर एक दिवस शेजारची शेरिल एका बाईला घेऊन आली. शेरिलचा नवरा परागंदा, पदरात दोन लेकरं, आणि घराच्या भिंतींना अशी ओल की कागद चिकटवला तर सकाळी गळून पडलेला. तोंडाची फटकळ, पण नेस्ताचा कोळसा दारात पडला की आधी बादली घेऊन तीच धावायची.

"बोपा, आहेस का?" गल्लीतल्या म्हाताऱ्या बाईला, नातं नसलं तरी, इथं बोपा म्हणतात. "ही बेथन. इंजिनिअर आहे. चहा टाक, नाहीतर ती तुझ्याशी इंग्रजी पुस्तकासारखं बोलेल."

बेथन पस्तिशीची असेल. चिखलाचे बूट तिनं दारातच काढले. ते नेस्ताला आवडलं. तव्यावरचे केक तिच्यापुढं ठेवून नेस्ता बसली.

"मेरी ॲनमध्ये आता पाणी भरलंय," बेथन म्हणाली. "पंप बंद झाले तेव्हापासून सगळे बोगदे भरले. खोल आहे, म्हणून ते पाणी गरम असतं. म्हणजे गरम असं नाही..."

"कोमट," शेरिल म्हणाली.

"हो, कोमट. ते वर काढून त्याची ऊब घेतली, यंत्रानं वाढवली, तर तुमची ही सगळी गल्ली गरम ठेवता येईल. कोळसा नको, गॅस नको. बिल निम्म्याहून कमी."

नेस्तानं हातातला कप खाली ठेवला. "ते पाणी माझ्या घरात येणार?"

"नाही. पाणी नाही येणार. पाणी पाइपातून जवळून जाईल, त्याची फक्त ऊब तुमच्या पाण्याला लागेल. दोन्ही पाणी एकमेकांना शिवणार नाहीत."

"म्हणजे देह तिकडंच. इकडं फक्त ऊब."

बेथननं मान डोलावली. "असं म्हणता येईल."

"माझे वडील तिथं आहेत, बाई."

"मला माहीत आहे," बेथन हळू म्हणाली. "म्हणूनच मी आले. जे खाली राहिले त्यांच्या घरची आता गावात दोघंच उरली आहेत. तुम्ही आणि ग्विलिम प्यू. तुम्ही दोघांनी हो म्हटल्याशिवाय आम्ही इथं जमिनीला हात लावणार नाही. तसं ठरवलंय आम्ही."

शेरिल खिडकीकडं बघत होती. तिच्या धाकट्याचा खोकला भिंतीतून ऐकू येत होता. ती बोलली काहीच नाही, आणि शेरिल बोलली नाही म्हणजे तिला किती हवंय ते नेस्ताला समजलं.

रविवारी उपासना संपल्यावर नेस्ता ग्विलिमजवळ गेली. उरलेल्या एका चॅपेलचा तो वडील, म्हणजे तिथला कारभारी. देवाच्या घरात बाकं पन्नास आणि माणसं नऊ, तरी हा स्तोत्रांच्या पाट्या भिंतीवर अशा लावतो जणू आत माणसं मावत नाहीयेत. त्याचा थोरला भाऊ मॉस्टिन इवोरबरोबरच आत राहिला होता, अठरा वर्षांचा. ग्विलिम तेव्हा पाच.

"तुझ्याकडं आली होती का ती?" नेस्तानं विचारलं.

"आली होती. चहा पाजून परत पाठवली."

"काय म्हणालास?"

"म्हटलं, माझा भाऊ काही बंब नाही." ग्विलिमनं पुस्तकं खणकन कपाटात टाकली. "जिवंत होता तेव्हा त्याच्या जिवावर मालकांनी लंडनमधले बंगले गरम केले. आता मेल्यावर शेरिलचं घर गरम करायचं. मेरी ॲनचं पोट भरतच नाही का गं?"

"शेरिल मालक नाही, ग्विलिम."

"ते मला कळतं. कळतं म्हणून तर रात्रभर झोप नाही." मग चष्मा पुसत म्हणाला, "तू काय म्हणणार?"

"मला काहीच कळत नाहीये."

"प्रार्थना कर."

"केली. देव म्हणतोय, तुझं तू बघ."

ग्विलिमला हसू आलं, पण त्यानं ते कपाटाकडं तोंड करून आवरलं.

खरंच, नेस्ताला त्या दिवसांत काही सुचेना. पाद्री लहानपणापासून सांगत आलेले, देह मातीला जातो आणि आत्मा देवाकडं. तसं असेल तर खाली नुसतं पाणी, आणि पाण्याला नाही म्हणण्यात काय अर्थ? पण मग दर पेंटेकॉस्टला ती नदीच्या बाजूनं बंद खाणीपर्यंत जाऊन फुलं कुणाला ठेवते? एक दिवस वाटे, दादांना, म्हणजे वडिलांना, नक्की आवडेल, त्यांची ऊब घरी येते आहे. दुसऱ्या दिवशी वाटे, आधी जीव घेतला, आता ऊबही काढून घ्यायची? शेगडीत कोळसा घालताना मनात येई, मेरी ॲन चालू होती तोवर हासुद्धा तिथलाच यायचा, आणि तो मी इतकी वर्षं जाळत आले. म्हणजे आधी विचार करायला हवा होता की आता करायला नको? चहात दोनदा साखर पडे, कधी पडतच नसे.

मे महिन्यात कामगार मंडळाच्या हॉलमध्ये बैठक भरली. सगळी गल्ली आली होती. बेथननं भिंतीवर खाणीचा नकाशा लावला होता. नेस्ता तो बघत नव्हती. त्यात विटांची भिंत कुठं आहे ते तिला दिसू नये असं वाटत होतं.

ग्विलिम मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेला. कुणी काही विचारलं की तो फक्त घसा खाकरायचा, पण खाकरणंसुद्धा विरोधात होतं.

बेथननं सगळं सांगून झाल्यावर नेस्तानं हात वर केला. शाळेतल्यासारखा.

"ऊब काढून घेतल्यावर त्या पाण्याचं काय करणार?"

"परत खाली सोडणार. तेवढंच, त्याच खाणीत."

"गारच?"

"हो. आलं त्यापेक्षा गार."

हॉलमध्ये आधी कुणाला काही कळलं नाही. मग हळूहळू कळलं. नेस्ता उभीच होती. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता.

"म्हणजे आम्ही त्यांच्या अंगावरचं गरम पाणी घ्यायचं आणि गार पाणी खाली ओतायचं. माझ्या दादांवर. बाई, तुम्हाला माहीत नाही. त्या माणसाला उकळतं पाणीसुद्धा कोमट लागायचं."

कुणीतरी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. बेथन म्हणाली, "जमीन ते परत तापवते. हळूहळू. खोलात ऊब आटत नाही. पण तुम्ही विचारताय ते हे नाही, हे मला कळतंय. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही."

"झालं तर मग!" ग्विलिम मागून म्हणाला. "उत्तर नाही, तर खड्डाही नाही."

लोक एकमेकांकडं बघू लागले. खुर्च्या सरकल्या. तेवढ्यात शेरिल उठली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"बोपा, एक विचारू? रागावू नको. तुझी आई रोज टब भरायची ना? माझी आजी सांगायची. माणूस तर येत नव्हता. मग त्या पाण्याचं ती काय करायची?"

"काय करायची म्हणजे?"

"ओतून द्यायची?"

इतकी वर्षं नेस्तानं टब भरण्याचाच विचार केला होता. टब रिकामा होण्याचा कधी केलाच नव्हता, जणू तो भरलेलाच राहिला. आता तिला ते दिसलं. शेगडी, वाफ, आणि टबात बसलेलं एक हडकुळं पोर, डोळ्यात साबण गेला म्हणून भोकाड पसरलेलं.

"ओतायची नाही," ती म्हणाली. "वाया कशाला घालवायचं म्हणून हाक मारायची." तिनं वळून मागच्या रांगेकडं बोट केलं. "ह्याला आंघोळ घालायची."

अख्खा हॉल मागं वळला. ग्विलिमनं हाताची घडी सोडली.

"तुम्हाला?" शेरिल ओरडली. "वडीलसाहेब, तुम्ही आमच्या बोपाच्या बापाच्या पाण्यात आंघोळ करायचात?"

"माझी आई तेव्हा अंथरुणातून उठत नव्हती," ग्विलिम म्हणाला. हॉलमध्ये उसळलेलं हसणं थांबलं. "मॉस्टिन गेल्यावर दोन वर्षं उठली नाही. ब्लॉडवेनमावशी दारात येऊन हाक मारायची, ग्विलिम, पाणी तापलंय. मी जायचो. मानेपासून पायापर्यंत घासून काढायची. कातडं सोलून निघायचं." तो आठवून जरा हसला. "पाठ सोडून."

"काय?" नेस्ता म्हणाली.

"पाठ नाही धुवायची. मी म्हणायचो, मावशी, पाठीला खाज सुटते. तर म्हणायची, पाठ नाही रे बाळा, पाठ नको. एवढंसं पोर मी, मला कुठं खाणीत जायचं होतं? पण तिचा हात पाठीवर यायचाच नाही."

नेस्ता खाली बसली. कुणाला वाटलं, उभं राहून दमली. शेरिलनं पाण्याचा पेला आणून दिला. तो तिनं हातात धरून ठेवला.

म्हणजे आई मानत होती. बळ नाही जात, मळ जातो, असं म्हणणारी आई त्या मंगळवारपासून मानत होती. जन्मभर, रोज, तापलेल्या पाण्यापुढं बसून. आणि तरी हाक मारत होती. मनात एवढं ओझं घेऊन दुसऱ्याचं पोर घासत होती, की घासत होती म्हणूनच ते ओझं पेलवत होतं? नेस्ताला रडावं की काय करावं कळेना. एक कोडं सुटलं आणि त्याच्या पोटातून दुसरं निघालं.

सगळे तिच्याकडं बघत होते. बेथनसुद्धा नकाशा सोडून बघत होती.

"घ्या," नेस्ता म्हणाली.

"काय, बोपा?"

"पाणी. घ्या म्हणते मी. का ते मला विचारू नका, मला नीट सांगता येणार नाही. पण आईनं ते कधी ओतून दिलं नाही. तर मी कोण ओतून देणारी?" मग मागं वळून, "ग्विलिम, तू खाल्लंस त्या घरचं. बोल आता."

"खाल्लं नाही, आंघोळ केली."

"तेच ते."

ग्विलिमनं घसा खाकरला. या वेळी ते खाकरणं कुठल्या बाजूचं होतं ते कुणाला कळलं नाही. "मॉस्टिनला गारच आवडायचं," तो शेवटी म्हणाला. "नदीत पोहायचा. हिवाळ्यातसुद्धा. मूर्ख होता. त्याची काही हरकत नसावी."

पुढच्या हिवाळ्यात गल्लीत ऊब आली. शेरिलनं भिंतीला नवा कागद लावला, पिवळी फुलं असलेला, आणि दर सकाळी येऊन सांगू लागली, "बोपा, अजून चिकटलेला आहे!" नेस्ताच्या घरातही खिडकीखाली पांढरं पत्र्याचं यंत्र बसलं. पहिल्या दिवशी तिनं त्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. गरम होतं. चांगलं गरम. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं वाईटही वाटलं.

मग तिनं जुनी शेगडी पेटवली. आता तिची गरज नव्हती, तरी. मोठ्या किटलीत पाणी उकळलं, किटलीला लोकरीची शाल गुंडाळली आणि बाहेर पडली. कोपऱ्यावर ग्विलिम भेटला. त्यानं किटलीकडं बघितलं. काही न विचारता तिच्या हातातून घेतली.

मेरी ॲनच्या तोंडावर आता सिमेंटची लादी आहे. मधोमध हवेसाठी एक बारीक लोखंडी नळी वर आलेली. बाजूला मेंढ्या. त्या दोघांकडं बघून पुन्हा चरू लागल्या.

"हे चॅपेलच्या शिकवणुकीत बसतं का रे?" नेस्तानं विचारलं.

"वडील म्हणून विचारतेस तर नाही."

"आणि तू म्हणून?"

"ओत लवकर. गार होतंय."

तिला वाटलं, काहीतरी म्हणावं. प्रार्थनेचे शब्द ओठांवर आले पण या कामाला लागू पडणारा एकही सापडेना. प्रभूला सांगावं की दादांना, तेही ठरेना. नळीत किटली कलती केली. पाणी आत गेलं, वाफ तेवढी वर आली.

"दादा," ती म्हणाली, "पाठीवरपण घ्या. आईच्या वतीनं सांगते. काही होत नाही."

किटली रिकामी झाली. दोघं जरा उभी राहिली, जणू खालून काही ऐकू येईल.

"कोमट म्हणाला असेल बघ," ग्विलिम म्हणाला.

"म्हणू दे," नेस्ता म्हणाली, आणि शाल खांद्यावर टाकून घराकडं निघाली.